एका पलंगावर दोन गाद्या : सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

आमचं घर सांगलीत, शामरावनगरात. तळमजला आणि वर एक माडी. आत्यांना जिना चढवत नाही, म्हणून आत्या आणि मामा, म्हणजे माझे सासू-सासरे, खालच्या खोलीत झोपतात. हे प्रकरण त्यांच्या पलंगाचं आहे. गादी बदलायची, एवढंच काम होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विषय निघाला आणि गादी पलंगावर पडायला फेब्रुवारी उजाडली. मधल्या तीन महिन्यांत जे कळलं ते नीट लिहून ठेवते, कारण आमची आधीची गादी आम्ही पंधरा मिनिटांत घेतली होती आणि तिच्यावर दोन म्हातारी माणसं पाच वर्षं झोपली. ते मला अजून लागतं.

ती गादी घाईत का घेतली, हे सांगलीच्या माणसाला सांगावं लागणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. भांडीकुंडी, कागदपत्रं, गॅसची टाकी वर नेली, गाद्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर आलो तर बारा किलो कापसाची गादी चार माणसांना ओढून दाराबाहेर काढावी लागली. गल्लीत प्रत्येक घरापुढे तसाच ढीग. पुराच्या गाळात भिजलेली कापसाची गादी वाळत नाही. वरून कोरडी लागते, आत कापूस कुजत राहतो आणि कुबट वास जात नाही. आमच्या तिन्ही गाद्या महापालिकेच्या गाडीत गेल्या. पंधरा दिवस सगळे सतरंजीवर झोपलो आणि मग जे दुकान उघडं दिसलं तिथून फोमची गादी आणली. ७८ बाय ६०, पाच इंच. दुकानदार म्हणाला, ‘३२ डेन्सिटी आहे, दहा वर्षं बघायला नको.’ त्या वेळी ‘डेन्सिटी म्हणजे काय’ हे विचारायची कुणात ताकद नव्हती.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा माझ्या नवऱ्याने तीच गादी एकट्याने डोक्यावर घेऊन माडीवर नेली. त्या दिवशी तिच्या हलकेपणाचं आम्हाला कौतुक वाटलं. ती एवढी हलकी का, हे कळायला आणखी तीन वर्षं गेली.

दुखणं

आत्या ६६ वर्षांच्या, चणीने लहान, पाच फुटांच्याही आत. मामा ७१ चे, हाडापेराने दणकट. २०२४ च्या पावसाळ्यापासून आत्यांची कंबर सकाळी धरायला लागली. उठल्यावर भिंत धरून मोरीपर्यंत जायचं आणि अंघोळ होईपर्यंत वाकायचं नाही. दिवस वर चढला की बरं वाटायचं. मामांना काही दुखत नव्हतं, पण ते रोज म्हणायचे, ‘ह्या गादीवर माणूस झोपत न्हाई, बुडतंय.’ दोघांच्या जागी दोन खळगे आणि मध्ये वरंबा, असं त्या गादीचं रूप झालं होतं.

मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला. वयाप्रमाणे मणक्यांची झीज आहे, नस दबल्याची लक्षणं नाहीत, व्यायाम करा, असं त्यांनी सांगितलं. पायात कळ उतरली, मुंग्या आल्या, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप येऊन वजन उतरायला लागलं तर मात्र थेट इकडे या, अशी ताकीदही दिली. ही तपासणी आधी झाली ते बरं झालं. ती झाल्याशिवाय गादीच्या दुकानात जाऊ नये, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

शेजारपाजारच्या सगळ्यांचा सल्ला एकच : फळीवर झोपवा, नाहीतर जमिनीवर चटई टाका. आत्यांनी ऐकलं. तीन रात्री चटईवर झोपल्या. चौथ्या दिवशी कंबर तशीच आणि वर खांदा, खुबा ठणकायला लागला. त्या कुशीवर झोपतात. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत गेला नाही तर कंबर अधांतरी राहते आणि सगळं वजन हाडांवर येतं. आम्हाला हे फिजिओथेरपिस्टबाईंनी दाखवून दिलं, आत्यांना कुशीवर झोपवून आणि कमरेखालच्या पोकळीत हात घालून. त्यांनीच २००३ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली. झोपेत आणि उठताना होणारं दुखणं मध्यम कडक गादीवाल्यांचं जास्त कमी झालं. ‘जेवढी कडक तेवढी पाठीला चांगली’ हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की, मलाही ते पटायला वेळ लागला.

काटा आणि दोरी

मामांनी उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार म्हणून काढली. हळदीची, गुळाची वजनं करण्यात त्यांचे चाळीस हंगाम गेले. नवी गादी घ्यायची म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘जुनीचं वजन किती?’ माझ्या नवऱ्याला वाटलं, भंगारात द्यायची म्हणून विचारतायत. पण मामांचं म्हणणं वेगळं होतं : ३२ म्हणजे काहीतरी मोजूनच म्हणत असतील ना? मग मोजूया.

खरंच ते मोजता येतं. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, दुसरं काही नाही. आमची गादी ७८ × ६० × ५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ घनमीटर. डेन्सिटी ३२ असेल तर नुसता फोम बारा किलोंच्या आसपास भरायला हवा. मामांनी गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि हुकाच्या काट्याला टांगली. खोळीसकट ८ किलो २००. खोळ काढून वेगळी तोलली, १ किलो १००. राहिले ७ किलो १००, म्हणजे डेन्सिटी १८-१९. गादी दबली की जाडी कमी होते, वजन फारसं कमी होत नाही, त्यामुळे ‘जुनी झाली म्हणून हलकी झाली’ हे उत्तर इथे लागू नाही. मामा बराच वेळ काट्याकडे बघत बसले. सबंध आयुष्यात त्यांनी कुणाला मापात फसवलं नव्हतं. तोवर बिलही हरवलं होतं, त्यामुळे दुकानदाराकडे जाऊन काही उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट सांगते, कारण दुकानात सगळ्यांचा हाच घोटाळा होतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही करता येतो आणि कमी डेन्सिटीचा कडकही. डेन्सिटीवरून एवढंच कळतं की फोममध्ये माल किती आहे आणि तो किती वर्षं तग धरेल. कमी डेन्सिटीचा फोम दुकानात हाताने दाबला तर छान कडक लागतो, वर्ष-दोन वर्षांत मात्र दबून जातो. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

दुसरी तपासणीही मामांचीच. त्यांनी पलंगाच्या फळीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून धरली. दोरी आणि फळी यांच्यात मधोमध पाऊण इंचाची फट! तो पेटीपलंग २०१९ च्या पुरात आठवडाभर पाण्यात होता. प्लाय फुगला, वाळताना बाक धरून बसला आणि आम्ही वरून नवी गादी टाकून मोकळे झालो. खात्री करायला आत्यांनी तीच जुनी गादी जमिनीवर टाकून चार रात्री काढल्या. उठायला खुर्चीचा आधार घ्यावा लागायचा, पण सकाळची कंबर त्यातल्या त्यात सैल वाटत होती. म्हणजे निम्मा दोष गादीचा आणि निम्मा फळीचा. फळी तशीच ठेवून तिच्यावर कितीही महाग गादी टाकली असती तरी तिलाही वर्षभरात तोच बाक आला असता. सुतार बोलावून खाली दोन आडवे दांडे मारून घेतले, १८ मिलिमीटरचा नवा प्लाय बसवला आणि त्याला गिरमिटाने भोकं पाडून घेतली. पेटीपलंगात खालून हवा खेळत नाही, आणि आमच्या खोलीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात.

दुकानातली दुपार

पहिल्या दिवशी आम्ही शोरूमला गेलो ते रविवारी संध्याकाळी. चूक झाली. गर्दी होती आणि आत्या गादीवर आडवं व्हायला तयार होईनात. ‘मी न्हाई झोपणार हितं. बाजार बघतोय सगळा.’ त्यांनी काठावर बसून हाताने दाबून बघितलं आणि ‘चांगली हाय की’ म्हणून उठल्या. आपल्याकडे बहुतेक बायकांची गादी अशीच निवडली जाते. तळहाताला जी मऊ लागते तिच्यावर पाठ काय म्हणेल, हे तळहाताला कसं कळावं?

मंगळवारी भर दुपारी परत गेलो. दुकानात मालकीणबाई होत्या. त्यांनी मागच्या खोलीतला पडदा ओढून दिला, वर पंखा लावला आणि म्हणाल्या, ‘आई, घरच्यासारख्या झोपा, मी इथं दाराशी बसते.’ मग आत्या झोपल्या. प्रत्येक गादीवर पंधरा मिनिटं, त्यांच्या नेहमीच्या डाव्या कुशीवर, घरून नेलेली स्वतःची उशी डोक्याखाली घेऊन. मी मागून मान ते माकडहाड सरळ रेषेत आहे का ते बघत होते. नंतर त्यांनी कूस बदलायची आणि शेवटी एकट्याने उठून बसायचं.

आठ इंची मेमरी फोमची गादी विक्रेत्याच्या मनात होती. ‘नासाची टेक्नॉलॉजी’ हे तो दोनदा म्हणाला. ते खोटं नाही. १९६६ मध्ये नासाच्या कामातून हा फोम निघाला, पण तो विमानाच्या आसनांसाठी होता. आत्या त्यात रुतल्या. कूस बदलायला दोनदा जोर लावावा लागला आणि पाठीला गरम लागायला लागलं. हा फोम उष्णतेने मऊ होतो, अंगाला धरून बसतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि खोलीत एसी नाही. शिवाय पलंग १४ इंच उंच, त्यावर आठ इंच म्हणजे बावीस. काठावर बसल्यावर आत्यांचे पाय जमिनीला टेकेनात. रात्री दोनदा मोरीला उठणाऱ्या बाईला पाय न टेकणारा पलंग देणं म्हणजे पडायला आमंत्रण. त्या गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असं ठळक लिहिलेलं होतं. हा शब्द छापायला कुणा हाडांच्या डॉक्टरची सही लागत नाही, तेव्हा त्याच्यावर एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्प्रिंगची गादी मामांना आवडली नाही. एक कुशीवर वळला की दुसरा हलतो, ही तक्रार सगळ्या स्प्रिंगा एकमेकींत अडकवलेल्या साध्या प्रकाराची. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते, तिथे हा त्रास फारसा नाही. आम्ही ती सोडली ती आमच्या जिन्यामुळे. स्प्रिंगची गादी दुमडत नाही आणि आमचा जिना अडीच फुटी, मध्ये वळणाचा. पुराच्या रात्री ती खालीच राहिली असती. काथ्याची गादी, जिला आपल्याकडे अजून सर्रास ‘कर्लऑन’ म्हणतात, हवेशीर आणि कडक, पण नुसता काथ्या आत्यांच्या खुब्याला टोचल्यासारखा लागला. लॅटेक्सवर, म्हणजे रबराच्या फोमवर, त्या सर्वांत खूश होत्या. तेवढे पैसे मात्र नव्हते.

ऑनलाइन मागवावी का, हाही विचार झाला. काही कंपन्या १०० रात्री वापरून परत करायची मुभा देतात आणि ज्याला दुकानात झोपून बघता येत नाही त्याला ती सोय खरोखर मोलाची आहे. पण ती गादी हवा काढून, गुंडाळून खोक्यात येते. एकदा फुलली की घरी परत तशी गुंडाळता येत नाही. आमच्या जिन्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दोन अर्ध्या

अडचण आता उघड दिसत होती. मामांना कडक हवी, आत्यांना वरून थोडी मऊ आणि आतून घट्ट. एका गादीत दोघांचं भागणार नव्हतं आणि ७८ बाय ६० ची घट्ट गादी वजनाने २५-३० किलोंची, तीही जिन्यात वळणार नाही. दुकानात मागे मशीनवर खोळी शिवत बसलेले कारागीर हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, ‘काकू, ३०-३० च्या दोन करून देतो की. फोम काय, पाहिजे तसा कापता येतो.’

तिथे सगळं जुळलं. रिबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला जड, घट्ट थर. आत्यांच्या अर्ध्या भागात खाली तीन इंच रिबॉन्डेड आणि वर ४० डेन्सिटीचा दोन इंच मऊ फोम. मामांच्या अर्ध्या भागात चार इंच नुसता रिबॉन्डेड. प्रत्येक भाग साडेतेरा-चौदा किलोंचा. दोघांवर घट्ट विणीची सुती खोळ, चेनची, काढून धुता येणारी. मामांनी बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी लिहून घेतली आणि शिवण्याआधी थर काट्यावर ठेवायला लावले. मालकीणबाईंना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी स्वतः काटा आणून दिला. वजनं बरोबर भरली.

मामांची एक इंच गादी कमी होती, ती जागा कापसासाठी. त्यांचं म्हणणं, फोमवर पाठीला घाम येतो, अंगाखाली कापूस पाहिजे. माडीवर आत्यांच्या लग्नात माहेरून आलेली गादी होती. वर होती म्हणून पुरात वाचली. दबून दबून तिची पार चपाती झाली होती आणि आत गोळे. पिंजाऱ्याकडे नेली. पूर्वी पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, तिचा टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा. आता मशीनवर पिंजतात. जुना कापूस पिंजला की फुलतो, धूळ आणि कुटका झडतो. नऊ किलोंतला किलोभर असाच गेला. पिंजाऱ्याने चार किलोंची पातळ गादी भरली आणि उरलेल्या कापसाच्या दोन उशा करून दिल्या. टाके जवळजवळ घालायला सांगितले, म्हणजे कापूस एका जागी गोळा होत नाही. गादी शिवून होईपर्यंत आत्या तिथे बसून होत्या. खोळीचं जुनं कापड त्यांनी मागून घेतलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

सहा महिन्यांनी

कंबरदुखी गेली असं मी लिहिणार नाही. आत्यांची सकाळची धरलेली कंबर आता चहाला आधण येईपर्यंत सैल होते, अंघोळीपर्यंत थांबावं लागत नाही. त्यात फिजिओथेरपिस्टबाईंच्या व्यायामाचा वाटा किती आणि गादीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. रात्री त्या कमी वेळा जाग्या होतात. मामा कूस बदलतात ते आता त्यांना कळत नाही. पहिले आठ-दहा दिवस नवी गादी त्यांना बोचली, ‘जुनीच बरी हुती’ असंही झालं. पाच वर्षं खळग्यात झोपलेल्या अंगाला सपाट जागा सवयीची नसते.

चुकलं तेही सांगते. दोन गाद्यांमध्ये फट पडते. माझी मुलगी सुट्टीत आजी-आजोबांच्या मध्ये झोपली आणि रात्रभर त्या फटीत घसरत राहिली. मग दोन्ही गाद्यांना खालून रुंद पट्टे शिवून घेतले, ओढून बांधायचे आणि ओढून सोडायचे. मामांची कापसाची गादी दोन-अडीच महिन्यांत अर्धा इंच बसली, त्यामुळे पलंग आता एका बाजूला किंचित खाली आहे. ती दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकतो, तेवढ्याने थोडी फुलते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावी लागणार, हे घेतानाच माहीत होतं.

जूनमध्ये पाऊस लागण्याआधी एका संध्याकाळी आम्ही गाद्या वर नेऊन बघितल्या. मी आणि माझी मुलगी, दोघीच. पट्टे सोडले, एकेक अर्धी गादी आडवी धरून जिन्याच्या वळणावर उभी केली आणि वर नेली. कापसाची गादी मुलीने डोक्यावर घेतली. मामा खाली घड्याळ घेऊन बसले होते. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. परत खाली आणल्यावर मामांनी प्रत्येक गादीच्या तळाच्या कापडावर, कोपऱ्यात, पेनाने तारीख, वजन आणि पट्टीने मोजलेली जाडी लिहिली आणि खाली दिवाळीसाठी एक ओळ कोरी सोडली.